कारणाचा रकाना

मी बेसमेंट बघायला गेले त्या दिवशी काकांनी मला घर दाखवलंच नाही, घराचे दोष दाखवले. मला अमेरिकेतल्या ट्रॉय गावी नवी नोकरी लागली होती, हॉटेलात तीन आठवडे काढून जीव विटला होता आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी काकांचा नंबर टाकला होता. दार उघडलं तर समोर उंच, काटकुळे गृहस्थ. स्वेटरच्या खिशात टॉर्च, शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी. मी नमस्कार करायच्या आतच त्यांनी माझ्या हातात एक छापील कागद ठेवला. त्यावर तीन रकाने होते: काय आढळलं, कारण, उपाय. खाली सात कलमं.

'शॉवरला गरम पाणी यायला पन्नास सेकंद लागतात. कारण: हीटर घराच्या दुसऱ्या टोकाला. उपाय: वाट बघणे.' 'तिसरी पायरी वाजते. कारण: मी स्वतः बसवली. उपाय: तिच्यावर पाय न ठेवणे.'

"काका, तुम्हाला बेसमेंट भाड्याने द्यायचंय ना?" मी विचारलं.

"हो तर."

"मग हे सगळं आधीच..."

"राहायला आल्यावर कळणारच आहे तुला. आधी कळलेलं काय वाईट? आणि ही तक्रार नाही हं, निरीक्षण आहे."

मागून काकूंचा आवाज आला, "पोरीला आत तर येऊ द्या! काहून दारातच परीक्षा घेऊन राहिले?" काकू नागपूरच्या. अमेरिकेत चाळीस वर्षं काढूनही त्यांचं नागपूर जिभेवरून हललेलं नव्हतं. काका सांगलीचे, पण त्यांच्या बोलण्यावर सांगलीपेक्षा कारखान्याचा ठसा जास्त. मी त्या बेसमेंटमध्ये तीन वर्षं राहिले आणि तिसऱ्या पायरीवर एकदाही पाय ठेवला नाही.

काकांनी एका मोटार कंपनीत तीस वर्षं गाड्यांची दारं तपासली होती. तपासली म्हणजे ऐकली. दार लावल्यावर 'धप्' असा भरीव आवाज यायला हवा, 'खण्ण' असा आला की ते दार परत. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात गॅरेजमध्ये नेऊन शिकवलं. माझ्या जुन्या गाडीचं दार त्यांनी दोनदा लावलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "बिजागरीला तेल घाल. बाकी बाई सज्जन आहे." निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी कान काही निवृत्त झाले नव्हते. कुणाकडे जेवायला गेलं की हात धुवायच्या निमित्ताने ते स्वयंपाकघरातले ड्रॉवर उघडून मिटून बघत. मंडळाच्या गणपतीत पानात मोदक पडला की आधी कळ्या मोजत. एकदा त्यांनी मोदक करणाऱ्या मंडळातल्या एका काकूंना सांगितलं, "सतरा कळ्या, त्यातल्या दोन सुटल्या. सारण मात्र अव्वल." त्या काकू पुढचे दोन गणपती त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, "मोजा." एकोणीस निघाल्या, एकही सुटलेली नव्हती. काका उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

निवृत्तीनंतर या माणसाच्या हाती रिव्ह्यू लिहायच्या वेबसाइट लागल्या आणि त्यांना दुसरा कारखानाच मिळाला. टायपिंग त्यांना एका बोटाने येत असे आणि दोष मराठीतच सुचत. त्यामुळे दर रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन वर जायचं, काकांनी हात पाठीमागे बांधून स्वयंपाकघरात येरझारा घालत सांगायचं, मी इंग्रजी करून टाइप करायचं आणि बदल्यात काकूंचे तर्री-पोहे खायचे, असा शिरस्ता पडला. पोह्यांसाठी मी ज्ञानकोशही टाइप केला असता.

त्यांचे काही रिव्ह्यू मला अजून पाठ आहेत. दाताच्या दवाखान्याबद्दल: 'खुर्च्या आरामशीर. डॉक्टरांचा हात हलका. टाकीतला पिवळा मासा एकटा वाटला. चार तारे.' तळ्याकाठच्या पार्कबद्दल: 'सूर्यास्त वेळेवर झाला. बाक डावीकडे दोन अंश कललेला. चार तारे.' महिन्याभरात तो बाक सरळ झाला. काका मला मुद्दाम तिथे घेऊन गेले, आम्ही दोघं त्या बाकावर बसलो आणि त्यांनी पट्टी काढून खात्री करून घेतली. दवाखान्यातल्या टाकीतही एक दुसरा मासा आला म्हणे.

तारे कायम चारच. त्यांनी जन्मात कुणाला पाच दिले नव्हते. "पाचवा दिला की समोरचा हातपाय पसरून झोपतो," असं त्यांचं म्हणणं. पण चारापेक्षा कमीही ते क्वचित देत. काकू म्हणायच्या, "माझ्या स्वयंपाकाला बी चारच देतेत बाप्पा हे. पाचवा मिळंल म्हणून मी चाळीस वर्षं फोडण्या घालून राहिली."

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्यांच्या लेकीने, ती पार्सिपनीला असते, दोघांना इटलीची सहल भेट दिली. मे महिन्यात दहा दिवस, जेनोआच्या पुढे समुद्रकाठच्या एका गावात, तिसऱ्या मजल्यावरचं लहानसं अपार्टमेंट. निघायच्या आधी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच होते.

"बाबा, प्लीज. जस्ट एन्जॉय. नो लिस्ट, ओके?"

"अगं, लिस्ट हाच माझा एन्जॉय," काका म्हणाले. सामानात त्यांनी टॉर्च, पट्टी आणि सपाटी तपासायचा छोटा लेव्हल घेतला. काकूंनी पोहे, गोडा मसाला, बेसन आणि स्वेटरमध्ये गुंडाळून आपला लाडका राइस कुकर घेतला, कारण पातेल्यातल्या भातावर त्यांचा विश्वास नव्हता.

तिकडून काकूंचे फोन रोज येत. काका बाल्कनीच्या कठड्याची उंची मोजत असायचे आणि काकू मला समुद्र दाखवायच्या. पण समुद्रापेक्षा त्यांना घरमालकीण जास्त आवडली होती. साठीची, ठेंगणी बाई, गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, खालच्या मजल्यावर राहणारी. एकीला इटालियन येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी धड नव्हतं. फोनमधलं भाषांतर आणि चार हात यांवर दोघींची तासन्‌तास बडबड चाले. चौथ्या दिवशी काकूंनी मला बातमी दिली.

"अगं, हे घर तिचं न तिच्या भावाचं हाय. भावाला विकायचंय. त्याने तिला एक उन्हाळा दिला. पाहुणे आले तर ठेवू, नाही तर विकू म्हणे. आम्ही पहिलेच हाओ! एक बी रिव्ह्यू नाही बिचारीला. मी सांगून टाकलं, हे बघ, माझे मिस्टर लई भारी लिहितात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पाच बोटं दाखवली मी तिला. पाच तारे म्हणून."

मागे काका बाथरूमचं दार दोनदा लावून आवाज ऐकत होते, ते मला फोनमधूनही ऐकू येत होतं.

सातव्या दिवशीच्या फोनवर काकू इतक्या हसत होत्या की सुरुवातीला मला काही कळेचना. संध्याकाळी पूर्ण इमारतीची वीज गेली होती. तळमजल्यावर म्हातारे फुटबॉलची मॅच बघत होते, ते ओरडत बाहेर आले. मग सगळे शेजारी अंगणात जमले, मालकिणीने खुर्च्या आणि मेणबत्त्या काढल्या, काकूंनी तिच्या गॅसवर तिच्याच भल्यामोठ्या पातेल्यात बेसनाचे गोळे घालून गोळाभात केला, आणि ते मॅचवाले म्हातारे तिसऱ्यांदा भात वाढून घेताना मॅच विसरले. "आणि तुझे काका! एका आजीबाईने त्यांना नाचायला ओढलं. नाचले ते! चाळीस वर्षांत मी पाहिलं नव्हतं वं." काकूंचे डोळे भरून आले होते. मला तो गोळाभात न खाताच आवडला.

वीज का गेली, हे त्या बोलल्या नाहीत आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी काकांनी येरझारा सुरू केल्या. तेवीस कलमं होती. जिन्याला एका बाजूला कठडा नाही. पलंगाचा डावा पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे. खिडकी उघडताना जोर लागतो, पण उघडली की समोर सगळा समुद्र, त्यामुळे जोर लावणं परवडतं. मी भराभर टाइप करत होते. चौदाव्या कलमाला ते म्हणाले, "वीज एकदा गेली. यंत्रणा जुनी आहे. पंधरावं."

"काका, कारण राहिलं."

"पुढे चल."

तीन वर्षांत त्यांनी कारणाचा रकाना कधी रिकामा सोडला नव्हता. एकटा मासा का एकटा आहे याचंही कारण त्यांनी लिहिलं होतं. मी वर बघितलं. गॅसपाशी काकूंचा उलथना थांबला होता. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, पण मग कढईवर तो असा आपटला की मला पुढचं कलम ऐकूच आलं नाही. काका म्हणाले, "आज राहू दे. पुढच्या रविवारी बघू." त्यांनी अर्धवट सोडलेला हा पहिलाच रिव्ह्यू. वेबसाइटची मुदत दोन आठवड्यांची होती, म्हणजे पुढचा रविवार शेवटचा.

तो आठवडाभर घरात भांडण नव्हतं, पण पोहेही झाले नाहीत. काकू काकांना सगळं हातात देत होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या. मला वाटलं, पाच की चार यावरून रुसवा असणार.

पुढच्या रविवारी मी वर गेले तेव्हा काकूंनी फोन माझ्यासमोर ठेवला. "वाच. मोठ्याने वाच."

मालकिणीचा निरोप होता, फोनने इंग्रजी करून दिलेला. मी मराठीत सांगितला. भावाने इलेक्ट्रिशियन आणला होता. वीज का गेली त्याचं कारण त्याला सापडत नव्हतं. तो म्हणाला, आख्खी वायरिंग बदला. भाऊ म्हणाला, त्यापेक्षा विकून टाकू, आता कोण येणार इथे राहायला. शेवटी तिने लिहिलं होतं, 'तुम्ही माझ्या घरात आनंदात राहिलात ना? तेवढंच लिहा. मी त्याला दाखवीन.'

काकूंनी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसल्या. पोहे अर्धवट ठेवून बसलेल्या काकू मी पहिल्यांदाच बघत होते.

"मी काही बोलणार नाही," त्या काकांना म्हणाल्या. "चौदा दिवस वाट पाहून राहिली मी, की तुम्ही स्वतः बोलाल."

काका उठून गॅरेजमध्ये गेले. आम्हाला गाडीच्या दाराचा आवाज आला. धप्. थोड्या वेळाने पुन्हा धप्. असं चार वेळा झालं. काकू टेबलावरची मीठदाणी गोल गोल फिरवत होत्या. माझा लॅपटॉप उघडा होता आणि कुठे बघावं ते मला समजत नव्हतं.

काका परत आले ते हात पाठीमागे न बांधता. "कलम चौदा काढ."

"काढलं."

"'यंत्रणा जुनी' खोड."

"खोडलं."

"कारणाच्या रकान्यात लिही. पाहुण्याने अमेरिकेतून आणलेला एकशेवीस व्होल्टचा राइस कुकर दोनशेतीसच्या प्लगमध्ये लावला." ते थांबले. "पाहुणा इंजिनियर आहे, हेही लिही."

माझ्या तोंडून हसू फुटलं. खरंच आवरेना. सांगलीत जन्मून दोनशेतीसवर वाढलेला, आयुष्यभर जगाचे दोष काढलेला हा माणूस व्होल्टेज न बदलता नुसती पिन बदलणारा अडॅप्टर लावून निर्धास्त झाला होता!

"मी इचारलं होतं यांना," काकू म्हणाल्या. "चालंल ना म्हणून. तर मला म्हणे, तू इंजिनियर का मी?"

"हसू नकोस, टाइप कर," काका म्हणाले. "इमारतीच्या वायरिंगमध्ये दोष नाही. उलट वायरिंगनेच वेळेवर वीज तोडली, म्हणून आग लागली नाही. सुरक्षा उत्तम. इलेक्ट्रिशियनला कारण सापडलं नाही, कारण ते स्वेटरमध्ये गुंडाळून आम्ही परत आणलं."

मी टाइप केलं.

"आता नवं कलम. चोविसावं. काय आढळलं: मालकीणबाई सगळ्या शेजाऱ्यांची माफी मागत होत्या, तेव्हा पाहुणा बाजूला उभा होता आणि मान हलवत 'जुनी इमारत, जुनी इमारत' म्हणत होता." ते खिडकीकडे बघत बोलत होते. "कारण: लाज. दुसरं काही नाही. नुसती लाज."

"उपाय?" मी विचारलं.

"उपाय: हा रिव्ह्यू. तिच्या भावाने वाचावा अशी विनंती."

मग काकू उठल्या, त्यांनी पदराने डोळे पुसले आणि गॅस पेटवला. मला काकांचा इतका अभिमान वाटला की उठून त्यांना मिठी मारावी, पण आमच्या नात्यात तशी पद्धत नव्हती, म्हणून मी फक्त स्पेलिंग नीट तपासली. त्यानंतर त्यांनी गोळाभात, मेणबत्त्या आणि नाचायला ओढणाऱ्या आजीबाई, सगळं लिहवून घेतलं. 'नाच: पाहुण्याला येत नाही. तरी सोडलं नाही. आभार.'

तारे द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, चष्मा वर केला आणि एका बोटाने चार दाबले.

"बाप्पा! अजून बी चारच?" काकूंनी झारा उगारला. "मी पाच बोटं दाखवून आली तिला!"

"पलंगाचा पाय आखूड आहे गं," काका म्हणाले. "आणि नुसतं पाच-पाच केलं तर कोण विश्वास ठेवेल? त्या भावाला विश्वास बसायला हवा."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, झारा खाली केला आणि म्हणाल्या, "बरं. कारण लिहिलं ना, बास झालं मला." त्या दिवशीच्या पोह्यांची तर्री अशी झणझणीत होती की आम्ही तिघंही नाक पुसत खात होतो.

त्यानंतर काही दिवसांनी मालकिणीचा फोटो आला. भाऊ पलंगाखाली आडवा होऊन पाय दुरुस्त करत होता.

पुढची गोष्ट फेब्रुवारीतली. तेव्हा मी ट्रॉय सोडून ओहायोत, डब्लिनला, आले होते. पण लाँग वीकेंड असला की मी पोह्यांसाठी ड्राइव्ह करून जायचे, अजूनही जाते. बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि काकूंनी मेमध्ये परत इटलीला जायचं ठरवलं होतं. काकांनी मला बुकिंग करायला बसवलं. मी कॅलेंडर उघडलं. मे भरलेला होता. जूनही. मी पुढे पुढे सरकवत गेले, सप्टेंबरच्या शेवटापर्यंत एक दिवस मोकळा नव्हता. खाली रिव्ह्यूंची रांग लागली होती. निम्म्या लोकांनी लिहिलं होतं की आम्ही राइस कुकरवाल्या गृहस्थांचा रिव्ह्यू वाचून आलो. जर्मनीच्या एका कुटुंबाने तर अंगणात बसून भात केल्याचा फोटो टाकला होता.

"हे काय!" काका खुर्चीतून उठले. "आपण लिहिलं म्हणून भरलं, आणि आपल्यालाच जागा नाही? ही कुठली सिस्टिम?"

काकू मात्र खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसत होत्या. "टिकलं वं घर! टिकलं तिचं घर!" असं त्या मला तीनदा म्हणाल्या आणि प्रत्येक वेळी माझा हात दाबला.

काकांनी मालकिणीला रागारागाने निरोप पाठवायला लावला. उत्तर दहा मिनिटांत आलं. मी ते वाचून दाखवलं. 'वरचं घर भरलं आहे, माफ करा. तुम्ही दोघं खाली माझ्याकडे या. भावाची खोली रिकामी आहे. भाडं नाही, तारे नाहीत. अंगणातले सगळे विचारतात, कधी येणार?'

काकांनी उत्तर लिहायला सांगितलं. मी बोटं कीबोर्डवर ठेवली आणि ते येरझारा सुरू करतील म्हणून थांबले. ते काकूंच्या शेजारी जाऊन बसले.

"लिही," ते म्हणाले, "येतो."

"आणि?"

"आणि काय? येतो."

मी तेवढंच लिहून पाठवलं.